उभ्याने सुतारकाम

परदेशात येऊन मिस्त्रींचं सगळ्यांत मोठं नुकसान कुठलं झालं असेल, तर त्यांना मिस्त्री म्हणणारं कुणी उरलं नाही. गावाकडे सासूसुद्धा जावयाला मिस्त्रीच म्हणायची. पोस्टमन, दूधवाला, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांच्या तोंडी तेच. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. इथे मात्र ते नुसते ‘सिस्टरचे मिस्टर’ झाले. बायको नर्स, आधी गावाकडे आणि आता इथल्या मोठ्या हॉस्पिटलात, तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि सवयीने घरातही तेच नाव रुळलं होतं. खुद्द मिस्त्रीही तिला सिस्टर म्हणत. लग्नानंतर पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा मिस्त्रींच्या आईने कपाळावर हात मारून घेतला होता. पण जिभेला वळण लागलं ते लागलं.

सिस्टर आधी आली, घर मिळालं, बस्तान बसलं, मग तिने मिस्त्रींना बोलावून घेतलं. मिस्त्री निर्धास्त होते. पळसाला पानं तीनच, त्यांचा हिशेब साधा होता. माणसं इकडची असोत की तिकडची, त्यांना दारं लागणार, कपाटं लागणार. आणि दार करायला येणारा माणूस उपाशी कसा राहील?

राहिला नाही उपाशी, पण रिकामा राहिला. ज्या ज्या दुकानात गेले तिथे आधी सर्टिफिकेट मागितलं. कुठे शिकलात, या प्रश्नाला मिस्त्री खरं ते सांगत, उस्तादाकडे. मग समोरचा माणूस विचारी की ही संस्था कुठे आहे. उस्ताद वारले त्याला जमाना झाला, आता संस्था कुठली दाखवणार? मोबाइलमध्ये फोटो होते. नक्षीचे दरवाजे, एका डॉक्टरांच्या घरातला झोपाळा, मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांनी झोप घेतलेला पाळणा. लोक फोटो बघत, मान डोलावत आणि म्हणत, कळवू. मिस्त्रींना हळूहळू कळलं की ‘कळवू’ म्हणजे इथल्या भाषेत ‘या आता’.

माणूस रिकामा बसला की घरावर उठतो. मिस्त्रींनी भाड्याच्या त्या दोन खोल्यांतलं एकेक दार उतरवून नीट बसवलं, कुरकुरणारे ड्रॉवर गप्प केले, डुगडुगणाऱ्या खुर्च्यांचे पाय सरळ केले. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही, आणि ते घरमालकाच्या धडधाकट टेबलाकडेही संशयाने बघू लागले. स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला. कांदा असा चिरत की प्रत्येक काप खूण करून कापल्यासारखा एका जाडीचा. सिस्टर डबा उघडायची तेव्हा हॉस्पिटलातल्या बायका बघायला जमायच्या. हे तिने कौतुकाने सांगितलं तेव्हा मिस्त्री हसले, पण ते हसू काही मनापासूनचं नव्हतं. कांद्यासाठी कुणाची वाहवा मिळावी म्हणून त्यांनी उस्तादाचा मार खाल्ला नव्हता.

अशात सिस्टरचा धाकटा भाऊ आला. तो इथे फार वर्षांपासून होता आणि एका मोठ्या गोदामाचा सुपरवायझर होता. आल्या आल्या त्याने पाय पसरले, चहा मागितला आणि मुद्द्याला हात घातला.

“भाऊजी, माझ्याकडे एक जागा आहे. खोकी यायची, मशीनने वाचायची, कप्प्यात लावायची. पाऊस नाही, ऊन नाही, डोक्याला ताप नाही. पक्की नोकरी.”

“आणि सुतारकाम?” मिस्त्रींनी विचारलं.

“ते करा की रविवारी. छंद म्हणून.” मेहुणा वाईट माणूस नव्हता. खरोखर मदत म्हणूनच आला होता तो. “पण सोमवारी दुपारपर्यंत मला हो की नाही कळवा. पुढे जागा धरून ठेवणं माझ्या हातात नाही.”

छंद हा शब्द मिस्त्रींना बोचला. त्यांना पक्कं ठाऊक होतं, या वयात एकदा का ते त्या गोदामात शिरले की रंधा पुन्हा हातात येणार नाही. हात म्हणजे काही सायकल नव्हे. सोडला की सुटतो. गावाकडे त्यांनी असे दोघे-तिघे पाहिले होते, चांगले कारागीर, जरा वर्षभर म्हणून दुसऱ्या धंद्यात गेले आणि परतून आले तेव्हा त्यांची करवत त्यांनाच ओळखेना. मिस्त्रींना भीती वाटत होती, आणि ती गरिबीची भीती नव्हती. सिस्टरचा पगार दोघांना पुरत होता. आपण आपण राहणार नाही, ही भीती होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एक दार उघडलं. दुकानांच्या रांगेमागे, बोळाच्या टोकाला एक सुतारकामाचा कारखाना होता. मालकीण होती एक पन्नाशीची बाई, केसांत भुसा, कानामागे पेन्सिल. तिने फोटो बघितलेच नाहीत. मिस्त्रींचे हात मागितले, उलटेसुलटे करून पाहिले, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या घट्ट्यावर बोट दाबलं आणि म्हणाली, “गुरुवारी या. एक दिवस काम करून दाखवा.” तिची भाषा मिस्त्रींना मोडकीतोडकी कळायची आणि मिस्त्रींची तिला त्याहून कमी. पण सुतार माणसांचं अर्धं बोलणं बोटांनीच होतं, म्हणून इथे ते सरळ मराठीतच सांगतो.

गुरुवारी सकाळी मालकीणबाईंनी दारातच त्यांना एक बुटांचा जोड दिला. पुढे आतून लोखंडाची वाटी बसवलेले, मजबूत, भले दांडगे बूट. मिस्त्रींनी आपल्या चपला दाराशी काढल्या आणि ते चढवले. पायाला विटा बांधून चालावं तसे ते आत गेले. बाईंनी लाकूड दिलं, कागदावर एक ड्रॉवर काढून दिला, चारही कोपरे कबुतरी सांध्याचे. म्हणजे एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत असे बसवायचे की खिळा नको, काही नको, ओढला तरी सुटता कामा नये. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. कबुतरी सांधा ते डोळे मिटून करत. बाई म्हणाल्या, करा सुरू, आणि फोन आला म्हणून ऑफिसात गेल्या.

मग मिस्त्रींनी जे केलं ते त्यांनी आजवर प्रत्येक कामाच्या पहिल्या दिवशी केलं होतं. भिंतीजवळची जमीन झाडून साफ केली. बूट काढून नीट जोडीने बाजूला ठेवले, कारण हत्यारं जिथे मांडायची तिथे पायताण नेतात का कुणी? धारदार पटाशी, करवत, काटकोन बघायचा गुण्या ओळीने मांडले, त्यांना हात लावून कपाळाला लावला. खाली बसले, फळी ठोकळ्यावर टेकवली, डाव्या पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने ती दाबून धरली आणि कामाला लागले. त्यांच्या उस्तादाकडे सगळे असेच शिकले. पाय म्हणजे तिसरा हात. लाकडात गाठ कुठे आहे, करवत कुठे अडणार, हे पायाला आधी कळतं. उस्ताद म्हणत, पाय बघतो आणि हात करतो.

फार महिन्यांनी मिस्त्रींना बरं वाटलं. करवत रेषेवरून अशी उतरत होती की त्यांना गुणगुणावंसं वाटायला लागलं. त्यांनी पटाशी घेतली, पायाच्या अंगठ्याशेजारी टेकवली आणि लाकडी मोगरीचा पहिला टोला दिला.

कारखान्यातली मशिनं एकेक करून बंद होत गेली. शांतता झाली तेव्हा मिस्त्रींनी मान वर केली. सगळी माणसं भोवती उभी होती आणि आ वासून त्यांच्याकडे बघत होती. मिस्त्रींना समाधान वाटलं. गावाकडेही असंच व्हायचं, चांगलं काम चाललं की लोक येऊन उभे राहायचे. मागच्यांनाही दिसावं म्हणून त्यांनी फळी जरा त्यांच्या बाजूला कलतीसुद्धा केली.

तेवढ्यात मालकीणबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “खाली ठेवा ती पटाशी,” त्या म्हणाल्या. “आधी बूट घाला.” रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. एका दाढीवाल्या कारागिराने काही न बोलता आपला डावा हात पुढे केला. त्यावर एक बोट कमी होतं. त्याला काय सांगायचंय ते मिस्त्रींना समजलं. त्यांना त्याला सांगायचं होतं की आपल्या पायाला आजवर ओरखडासुद्धा आलेला नाही, पण तेवढी भाषा कुठून आणणार?

“हात चांगला आहे तुमचा,” बाई म्हणाल्या. “पण इथे पाय चालत नाहीत. उद्या काही झालं तर तुमचा पाय जाईल आणि माझा कारखाना. उभ्याने करा बघू.”

त्यांनी फळी टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात आवळून दिली. मिस्त्री बूट घालून उभे राहिले. तीच करवत, तेच लाकूड. पण वरून बघताना रेषा वेगळीच दिसत होती, कोपराला टेकू नव्हता, आणि पायाखाली काय चाललंय ते पायाला कळतच नव्हतं. पहिलाच काप तिरका गेला. दुसरा सावरायला गेले तर पटाशी घसरली आणि एक दाता तुटून दाढीवाल्याच्या पुढ्यात पडला. दाढीवाल्याने नजर दुसरीकडे वळवली, आणि ते मिस्त्रींना हसण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी हत्यारं जागेवर ठेवली, बाईंना हात जोडले आणि चालते झाले. बोळ ओलांडून मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कारखान्याचे बूट घालूनच निघालो आहोत आणि आपल्या चपला तिकडेच राहिल्या आहेत. परत जायची हिंमत झाली नाही.

घरी पोचेपर्यंत आईचा फोन आला. ती दर दोन-चार दिवसांनी करायची आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी तेच विचारायची, “लागलं का काम?”

“लागेल, आई,” मिस्त्री म्हणाले, नेहमीसारखंच.

संध्याकाळी सिस्टर ड्यूटीवरून आली ती दारातच थांबली.

“अहो, हे बूट कुणाचे?”

ताकाला जाऊन भांडं लपवायची सोयच राहिली नव्हती. मिस्त्रींनी सांगितलं. सिस्टर आधी ऐकत होती, मग तिचा चेहरा ताणला गेला, मग ती भिंतीला टेकून हसायला लागली.

“फळी कलती केलीत? त्यांना दिसावं म्हणून?” तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“हस, हस,” मिस्त्री म्हणाले. दिवसभराचा अपमान कुणावर तरी निघणारच होता. “तुझं काय जातंय हसायला? विमानातून उतरलीस ती थेट पगारावरच. तुला कुणी उभं राहून दाखव म्हणालं नाही.”

सिस्टरचं हसू थांबलं. ती खुर्चीवर बसली.

“हे बोललात ना, ते मला फार लागलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “मला काय सांगितलं होतं ते ऐकायचंय? पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना मी पलंगावर वर सरकवलं. मानेखाली एक हात, गुडघ्याखाली एक हात, जसं आजवर शेकडो माणसांना उचललं तसं. वॉर्डची मुख्य किंचाळलीच. इथे अंगाने माणूस उचलत नाहीत. पट्टे असतात, मशीन असतं. मला वॉर्डमधून काढलं. एका खोलीत नेलं. तिथे रबराची बाहुली होती, माणसाएवढी. तिला पट्टे बांधायचे, उचलायचं, ठेवायचं, सोडायचे. पुन्हा बांधायचे. माझ्याबरोबर कोण होत्या? कालच्या पोरी, ज्यांनी अजून मेलेला माणूस पाहिला नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आणि त्या बाहुलीला आपल्या भाषेत अशा शिव्या दिल्यात की तुमच्या उस्तादाला सुचल्या नसत्या.”

मिस्त्रींनी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगणार होते. फोन केला होता. तुम्ही म्हणालात, तुझी काय बाई मजा आहे, आणि मग कुठल्या तरी चौकटीला सागवान बरं की शिसव, ते सांगत बसलात.”

मिस्त्रींना तो फोन आठवत नव्हता, चौकट मात्र आठवत होती. शिसवीची होती. त्यांना स्वतःची शरम वाटली. इतके महिने ते या घरात आपल्यावर काय गुदरलं ते मोजत बसले होते, आणि ज्या बाईवर तेच गुदरून गेलं होतं तिच्यासाठी रोज डबा भरत होते. डबा भरताना एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“कळलं. आता उठा आणि ते बूट घाला.”

“कशाला?”

“उभं राहायला शिकवते.”

“मला?” मिस्त्रींचा अहंकार तेवढा शिल्लक होता. “चालायला लागल्यापासून उभा राहतोय मी.”

“तुम्ही उभे राहता ते बसची वाट बघायला. काम करायला उभं राहणं वेगळं. मी दिवसभर तेच करते. उठा.”

तिने त्यांना ओट्यापाशी उभं केलं. पाय जरा फाकवायला लावले, एक पुढे, एक मागे. गुडघे आवळलेले होते ते ढिले करायला सांगितले, चक्क मागून चापट मारून. “वाकताय कशाला? पेशंटकडे वाकायचं नसतं, पलंग वर घ्यायचा असतो. फळी कोपराच्या उंचीला आणा.” ओटा बुटका होता, म्हणून तिने जुन्या मासिकांचा गठ्ठा आणि त्यावर कणीक मळायचा पाट ठेवला. मिस्त्रींनी पेटीतून आपली करवत आणि एक उरलीसुरली फळी काढली. शिकंजा नव्हता. सिस्टरने फळी दोन्ही हातांनी दाबून धरली.

इथे मिस्त्री अडले. त्यांच्या कामाला आजवर कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. हाताखालची चार माणसंसुद्धा विचारल्याशिवाय त्यांच्या फळीला शिवत नसत, आणि बायको तर हत्यारांच्या पेटीवरचं फडकंही उचलायची नाही.

“धरू ना?” सिस्टरने विचारलं.

“धर,” ते म्हणाले.

पहिला काप कुत्र्याच्या शेपटीसारखा वाकडा गेला.

“सरळ धर की.”

“फळी सरळच आहे. करवत वाकडी चाललीय.” मग ती गालात हसत म्हणाली, “नाचता येईना...”

“पुढचं बोलू नकोस.”

शुक्रवार, शनिवार, रविवार, ती घरी असेल तेवढा वेळ हेच चाललं. घरात भुसा झाला, जेवणात भुसा झाला. मिस्त्रींच्या पोटऱ्या भरून येत, कंबर बोलू लागे. ते चिडत, करवत खाली ठेवत, पुन्हा उचलत. रविवारी दुपारी त्यांच्या एक ध्यानात आलं. कंबर पाटाला नीट टेकवली की लाकडाची थरथर तिथून आत येते. अगदी पुसट, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखी. पण येते. त्यांनी हे सिस्टरला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, “मग आता जमेल?” आणि मिस्त्रींनी प्रामाणिकपणे सांगितलं की माहीत नाही.

सोमवारी सकाळी बूट पुसून, पायात घालून ते कारखान्यात गेले. मालकीणबाईंनी त्यांच्या चपला खिडकीत ठेवल्या होत्या.

“मला वाटलं, आमचे बूट गेले ते गेलेच,” त्या म्हणाल्या.

“एकदा अजून,” मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांनी रस्ताभर पाठ केलं होतं. “उभ्याने.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग मालाच्या ढिगाकडे. “आज मला मरायला फुरसत नाही. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर करा. कुणाच्या मध्ये येऊ नका. आणि बूट निघाले तर तुम्हीही निघा.”

मिस्त्री कोपऱ्यात उभे राहिले. फळी शिकंज्यात आवळली, कंबर टेकवली, गुडघे ढिले सोडले. पहिला काप बरा गेला. दुसरा त्याहून बरा. फार हळू काम चाललं होतं. गावाकडे एवढ्या वेळात त्यांचा अख्खा ड्रॉवर होऊन पॉलिशला गेला असता. शेजारून कुणी लाकूड घेऊन जाई, कुणी थांबत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

दुपार होता होता खिशातला फोन वाजला. मेहुणा, दुसरं कोण? मिस्त्रींची पटाशी त्याच वेळी रेषेवर टेकली होती आणि मोगरी वर उचललेली होती. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. मिस्त्रींना स्पष्ट माहीत होतं की हा शेवटचा. पटाशी खाली ठेवून फोन घेता आला असता. थांब म्हणता आलं असतं, हो म्हणता आलं असतं. त्यांनी मोगरी मारली, मग दुसऱ्यांदा मारली, आणि खिशातला आवाज बंद झाला.

ड्रॉवर पुरा झाला तेव्हा माणसं डबे धुऊन परत कामाला लागली होती. मिस्त्रींनी चारही कोपरे तपासले. तीन ठीक होते. चौथ्यात फट होती. मोठी नाही, पण नखाचं टोक आत जाईल एवढी. त्यांचा हात आपोआप टेबलावरच्या भुशाकडे गेला. भुसा सरसात कालवायचा, फटीत दाबायचा, वाळला की घासायचा. जगातल्या कुठल्याही सुताराला हे शिकवावं लागत नाही, आणि त्यात पाप आहे असं कुणी मानतही नाही. मिस्त्रींनी स्वतः हजारदा केलं होतं. पण ते आपलं काम चोख आहे हे माहीत असताना. आज ते माहीत नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला, ड्रॉवर उचलला, बाईंसमोर ठेवला आणि नख फटीत घालून दाखवलं.

“इथे चुकलंय.”

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या. “चुकलंय.” मग ड्रॉवर उलटा करून बाकीचे कोपरे पाहिले, ओढून पाहिले. दाढीवालाही येऊन बघून गेला.

“सुतार म्हणून मी तुम्हाला घेऊ शकत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “आज तरी नाही. घासकामाला माणूस हवाय मला, याच्या हाताखाली.” त्यांनी दाढीवाल्याकडे हनुवटी केली. “काम सुटल्यावर हे कोपऱ्यातलं टेबल तुमचं. लाकडाचे तुकडे मी देईन. जमेल तेव्हा बघू.”

दाढीवाला मिस्त्रींपेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी लहान असेल. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. त्यांना राग आला नाही असं नाही. आला, वर चढला आणि उतरलाही.

“येतो उद्या,” ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी मेहुण्याला फोन लावला. जागा गेली होती. तो बिचारा खरोखर हळहळला. “काय हे भाऊजी. तुमच्या हाताखाली माणसं होती, आणि तुम्ही आता पॉलिशपेपर घासणार? तेलही गेलं, तूपही गेलं.”

“धुपाटणं तरी माझ्या ओळखीचं आहे रे,” मिस्त्री म्हणाले.

“कशाला हा हट्ट?”

“तुझ्या गोदामात मी पहिल्या दिवसापासून बरा निघालो असतो,” ते अडखळत म्हणाले. “कुणी नाव ठेवलं नसतं. पण कप्प्यात खोकं तिरकं बसलं तर माझी झोप उडणार नाही. त्या कोपऱ्यातल्या फटीने आज उडणार आहे. मग मी कुणीकडे जायचं, तूच सांग.”

मेहुणा म्हणाला, मला नाही कळत तुमचं, पण ताईला नमस्कार सांगा.

घरी सिस्टर नुकतीच आली होती. मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं, फटीसकट, घासकामासकट. काही राखून ठेवलं नाही. तिने शाबासकी दिली नाही की धीर दिला नाही. गरम पाण्याची बादली आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “पाय सोडा यात. पहिला आठवडा जड जातो.” मग स्वतःच्याही चपला काढून तिने दुसऱ्या बाजूने पाय त्याच बादलीत घातले. दोघं समोरासमोर बसून राहिली.

आईचा फोन आला तो तेव्हा.

“लागलं का काम?”

“लागलं, आई.”

“सुतारकाम?”

“हो. सुतारकामच.”

“मिस्त्री म्हणून ठेवलंय ना तुला?” आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती मोठ्याने बोलायची आणि खोलीभर ऐकू जायचं. सिस्टरने मान वर केली. हो म्हणून मोकळं व्हायला काहीच हरकत नव्हती. इतक्या दूरून कोण बघायला येणार होतं?

“नाही, आई,” मिस्त्री म्हणाले. “शिकायला ठेवलंय.”

पलीकडे काहीच आवाज येईना. फोन कट झाला की काय म्हणून मिस्त्रींनी कानाशी धरून पाहिलं. म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. तिला आता चारचौघांत काय सांगावं हा प्रश्न पडला असणार, असं त्यांना वाटलं, आणि तिची समजूत कशी घालावी ते जुळवू लागले.

“मारत नाहीत ना रे?” आईने विचारलं.

मिस्त्रींचा हात आपोआप नडगीवर गेला. उस्तादाकडे घातलं तेव्हा ते कोवळं पोर होते. पायाखालची फळी हलली की उस्ताद नडगीवर पट्टी मारायचे. घरी आल्यावर आई ते निळे वळ शेकायची, रडायची, आणि सकाळी डबा देऊन पुन्हा पाठवायची. तिच्या लेखी शिकणं म्हणजे तेवढंच होतं.

सिस्टरने हात पुढे करून त्यांचा गुडघा धरला.

“नाही, आई,” मिस्त्री म्हणाले. “इथे कुणी मारत नाही.”

“मग शीक नीट,” आई म्हणाली.